समुद्राची पाऊणकी

आमच्या सहली शुक्रवारी असतात. बोईसरला कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी आणि पोरांच्या शाळेची रविवारी, त्यामुळे घरातली चारही माणसं एकाच दिवशी मोकळी सापडणं मुश्किल. नवरा घरी असतो तेव्हा पोरगी शाळेत, आणि पोरगी घरी असते तेव्हा नवरा पहिल्या पाळीला. म्हणून महिन्यातून एखाद्या शुक्रवारी मी पोरीला सरळ शाळा बुडवायला लावते. बाईंना सांगते, पोट दुखत होतं. बाईंचा नवराही कंपनीतच आहे, त्या काही विचारत नाहीत.

सहल म्हणजे तरी काय, बोईसरजवळच्या पाम गावातल्या आमच्या भाड्याच्या खोलीतून निघायचं आणि दांडी, चिंचणी नाहीतर सातपाटी गाठायची. एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट, धाकट्याला तिकीटच नाही. डब्यात धपाटे आणि दही. धपाटे दोन दिवस राहतात, भिजले तरी खाता येतात आणि सांडले तर झटकून घेता येतात. पिशवीत पोरांचे एकेक जोड कपडे, टॉवेल, आणि ओले कपडे कोंबायला प्लास्टिकची पिशवी. बाहेरचं खायचं नाही असा नियम आहे. तो नियम बसस्टँडवरच्या भज्यांच्या वासापर्यंत टिकतो.

खर्चाचं असं जमतं, पण हवेचं जमत नाही. आमचं माहेर, सासर दोन्ही मराठवाड्यातलं. तिकडे ढग येतात, अंगणात अंधार करतात, बायका वाळवण उचलतात आणि ढग निघून जातात. इथे उलटं. निघताना लख्ख ऊन असतं, आणि रिक्षातून उतरेपर्यंत आपण चिंब. सुरुवातीची दोन वर्षं मी आभाळाकडे बघून ठरवायचे. मग आभाळाकडे बघायचं सोडून दिलं. जायचं असेल तर जायचं, भिजलो तर भिजलो.

पण समुद्राचा हिशेब चुकतोय हे आम्हाला नऊ वर्षांत कळलं नव्हतं. आम्ही बसच्या वेळेने जायचो. कधी समुद्र अगदी बांधाच्या भिंतीशी असायचा, कधी इतका लांब की चिखलातून चालून पोरं कंटाळायची. भरती-ओहोटी पुस्तकात वाचली होती, पण ती आपल्या सहलीला लागू होते हे डोक्यात शिरलं नव्हतं. पोरगी पाच वर्षांची असताना एकदा असाच रिकामा किनारा बघून म्हणाली, "आज समुद्राला सुट्टी आहे का?" नवरा म्हणाला, "हो, त्याचीपण शुक्रवारीच असते." आम्ही हसलो आणि चिखलात बसून धपाटे खाऊन परत आलो.

मागच्या पावसाळ्यात माझे वडील आले. त्यांना सगळे आबाच म्हणतात, मीसुद्धा. गावातल्या महादेवाची पूजा आमच्या घराकडे आहे, आम्ही गुरव. पंच्याहत्तरी उलटली तरी पहाटे आडातून कळशी काढून पिंडीवर पाणी घालायचं काम आबांनी कुणाला दिलेलं नाही. लेकीच्या घरी राहायचा त्यांना संकोच, आणि देवाला सोडायचं त्यांच्या जिवावर येतं, त्यामुळे लग्नाला दहा वर्षं झाली तरी ते इकडे फिरकले नव्हते.

आईला मात्र यायचं होतं. तिला समुद्र बघायचा होता. आमच्या गावाला आठवड्यातून एकदा नळ येतो, तोही अर्धा तास. तिने फोनवर मला कितीदा तरी विचारलं असेल, "इतकं पाणी असतंय म्हणं, खरंय का गं?" आबा दर वेळी म्हणायचे, शिवरात्र होऊ दे, मग जाऊ. शिवरात्र झाली की चैत्र, चैत्र झाला की श्रावण. दोन वर्षांपूर्वी आई गेली. आबा स्वतःहून "येतो" म्हणाले तेव्हा ते कशासाठी येतायत हे मला कळलं.

ते आषाढाच्या वद्य पक्षात आले. देव पुतण्याच्या भरवशावर ठेवला होता आणि श्रावण लागायच्या आत परत जायचंच होतं. आल्या आल्या पोरीने त्यांचा ताबा घेतला. ती तेव्हा सात वर्षांची. तिने सांगितलं की सातपाटीला समुद्र भिंतीपर्यंत येतो, भिंतीवर आपटतो, वरून उडतो आणि आपल्या तोंडावर पडतो. हे तिने एकदाच पाहिलं होतं, पण सांगताना रोजचं असल्यासारखं सांगितलं.

"भिंतीवरून उडतंय?" आबा म्हणाले. "थापाडी हाईस."

"थापा नाही. दाखवते की."

"दाखव. नाही दिसलं तर तुझं नाव थापाडी."

आबांची ही जुनीच चेष्टा, माझ्याशीही ते असंच बोलायचे. पण पोरीने ते मनावर घेतलं. आजोबा आठच दिवस राहणार होते आणि तेवढ्यात तिला आपलं बोलणं खरं करून दाखवायचं होतं.

पहिल्याच शुक्रवारी आम्ही सगळे निघालो. बोईसरहून पालघरपर्यंत गाडी, तिथून सातपाटीची बस. आबांनी खिडकीची जागा घेतली आणि धाकट्याला मांडीवर. धाकटा तीन वर्षांचा, त्याला प्रवासात दर पंधरा मिनिटांनी शू लागते. शिरगावपर्यंत ऊन होतं. सातपाटीच्या नाक्यावर उतरलो आणि पाऊस सुरू झाला. छत्र्या दोन, माणसं पाच. आबांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि म्हणाले, "चला. आपल्याला पावसाचं कौतुकच हाय."

गल्लीतून भिंतीशी पोचलो. मासेमारीची बंदी होती. होड्या वर ओढून निळ्या ताडपत्र्यांखाली झाकून ठेवल्या होत्या. भिंतीवरून पलीकडे बघितलं तर नुसता काळा चिखल. पार लांब एक करडी रेघ दिसत होती, पाणी असेल तर ते तिथे.

पोरगी टाचा उंचावून बघत राहिली. आबांनी हात डोळ्यांवर धरून बघितलं आणि म्हणाले, "छान हाय की." त्या "छान"मध्ये काय होतं ते मला पुरतं कळलं. पाहुण्याच्या घरी बेचव भाजीला म्हणतात तसलं छान होतं ते.

"मोठाच असतो तो," पोरगी म्हणाली. "आज गेलाय कुठेतरी."

"आसंल, आसंल," आबा म्हणाले. "थापाडीचा समुद्रबी थापाडी." एरवी ती खिदळली असती. तिने तोंड फिरवलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. पाऊस वाढला तसं आम्ही शेजारच्या एका घराच्या पडवीत शिरलो.

पडवीत एक म्हातारी कोळीण जाळं दुरुस्त करत बसली होती. तिने सरकून जागा केली, धाकट्याला बसायला पाट दिला आणि आमचे चेहरे बघून विचारलं, "काय बघाया आलात?"

"समुद्र," मी म्हटलं.

ती हसायला लागली. "आज? आज अष्टमी हाय. भांगाचं पानी, त्यात दुपारची सुकती. आज पानी भितीला नाय यायचा." मग तिने पोरीला सांगितलं की सुकती म्हणजे ओहोटी, आणि पाणी जोरात चढतं ते पुनवेला आणि आवसेला, त्याला उधाण म्हणतात. मधल्या अष्टमीला भांग. तेव्हा पाणी धड येत नाही, धड जात नाही. "आवसेला ये. तुज्या आज्याच्या धोतरावर उडल."

अष्टमी म्हटल्यावर आबा सावरून बसले. तिथी हा त्यांचा प्रांत. "म्हंजी तिथीवर चालतंय?" त्यांनी विचारलं.

"तिथीवरच. आमचा सासरा तिथीची पाऊणकी करायचा. जी तिथी तिची पाऊणपट, तितक्या वाजता पानी भरलेला. सकाळी नि रात्री. थोडा मागंपुढं होतो. आमी नाय करीत, आमाला आवाजावरून कलतंय."

आबांनी छताकडे बघितलं आणि शाळेतल्या पोरासारखे म्हणायला लागले. "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन..." आठ पाऊण सहा पर्यंत आले आणि थांबले. "म्हंजी आज सहाला भरलं होतं. आता संध्याकाळी सहाला भरंल. आपण आलाव बाराला." ते स्वतःशीच हसले. "तिथी पाठ, पाऊणकी पाठ. नुसता समुद्रच तेवढा माहीत नव्हता बगा मला."

संध्याकाळपर्यंत थांबलो असतो, पण धाकटा भिजून शिंकायला लागला होता, आणि म्हातारी म्हणाली की आज सहालाही भितीपर्यंत नाय यायचं, उगाच थांबू नका. परतीच्या बसमध्ये आबांनी पोरीला पाऊणकी शिकवली. नवऱ्याने तिला समजावलं की समुद्राची शिफ्ट रोज पाऊण तास पुढे सरकते. शिफ्ट म्हटल्यावर तिला ते लगेच कळलं. कंपनीतल्या माणसांची पोरं आमची, त्यांना सूर्य-चंद्रापेक्षा शिफ्ट लवकर कळते.

मग घरी बसून हिशेब झाला. अमावास्या पुढच्या शुक्रवारी. नवऱ्याची सुट्टी, भर उधाण, भरती सव्वाअकराला. याहून चांगला योग नाही. पण आबांची गाडी गुरुवारी रात्रीची होती, कल्याणहून. शनिवारी श्रावण लागत होता.

"एक दिवस राहा," नवरा म्हणाला. "तिकीट बदलतो. देव काय पळून जातोय का?"

"देव नाही पळत, पुतण्या पळतो," आबा म्हणाले. "श्रावणातली पहिली पहाट. ते कुणावर सोडत नसतेत." ते राहणार नाहीत हे मला माहीत होतं. आईच्या वेळीही हेच होतं, फक्त तेव्हा मी फोनवर आईला समजावत त्यांची बाजू घेत होते. आता राग आला. मी भांडी जरा जोरात आपटली. आबांनी ऐकलं आणि ते पोरीशी बोलत राहिले.

तोडगा पोरीनेच काढला. "गुरुवारी चतुर्दशी. चौदा पाऊण साडेदहा." सकाळी साडेदहाला भरती, उधाण जवळजवळ तेवढंच. लवकर निघायचं, भरती बघायची, बारापर्यंत पालघरला यायचं, घरी जेवून तीनला आबांना कल्याणकडे जायच्या गाडीत बसवायचं. नवरा कामावर असणार होता, पण आम्ही चौघं जाऊ शकत होतो. आबांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "गुरवाची नात शोभतीस," ते म्हणाले. मग पुढचे दिवस ती उठल्या उठल्या तिथी विचारायची आणि पाऊणपट करून सांगायची.

बुधवारी संध्याकाळी फोनवर मेसेज आला. मुसळधार पावसाचा इशारा, जिल्ह्यातल्या शाळांना गुरुवारी सुट्टी. बाहेरून आलेला माणूस हे वाचून घाबरेल. आमच्याकडे उलटं आहे. कलेक्टरसाहेबांनी सुट्टी दिली की पाऊस गायब होतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. नवरा म्हणाला, "झालं काम. उद्या ऊन पडणार, गोधड्या धुवायला काढ." मीसुद्धा म्हटलं, बरं झालं, शाळाही बुडली नाही. आबांनी विचारलं, "सरकार म्हनतंय पाऊस येणार, आन् तुमी म्हनताव येणार नाही?" मी त्यांना सगळ्या जुन्या सुट्ट्यांचे दाखले दिले. त्यांनी मान डोलावली. गावात नवीन माणूस जसं गावकऱ्यांचं ऐकतो तसं त्यांनी आमचं ऐकलं.

गुरुवारी सकाळी ऊन होतं. मी मुद्दाम आबांना दारात उभं करून दाखवलं. बोईसरला गाडीत बसलो तेव्हाही ऊन होतं. उमरोळीच्या पुढे एकदम काळोख झाला. पालघरला उतरलो तर समोरचा प्लॅटफॉर्म दिसत नव्हता.

भिजत एसटी स्टँडवर आलो. सातपाटीची बस उभी होती, आत कोणी नव्हतं. कंट्रोलर खिडकीतून म्हणाले, "सातपाटी जानार नाय. रस्त्यावर पानी हाय." मी रिक्षावाल्यांकडे गेले. पहिल्याने मान हलवली. दुसरा म्हणाला, "नाय ताई, इंजिनात पानी गेला तर तुमी पन अडकाल नि मी पन." तिसऱ्याकडे मी गेलेच नाही. पोरं आणि म्हातारा माणूस घेऊन तसल्या पाण्यात शिरण्याइतकी मी वेडी नव्हते. पण मनातून इतकी चिडले होते की मला तिथेच रस्त्यावर बसून ओरडावंसं वाटलं. पावसावर नाही, स्वतःवर. सगळं जग सांगत होतं पाऊस येणार, आणि आम्ही शहाणे गोधड्या धुवायला काढत होतो.

स्टँडवरच्या बाकावर आबा बसले होते, धाकटा त्यांच्या मांडीवर झोपलेला. पोरगी पाय लोंबकळत समोरच्या घड्याळाकडे बघत होती. मी भजी आणली. तिने खाल्ली नाहीत.

साडेदहा झाले. आबा म्हणाले, "भरलं आसंल आता."

ती रडायला लागली. तिचं रडणं मोठ्याने नसतं, नाकपुड्या फुगतात आणि थेंब सुटतात.

"कामून रडायलीस?"

"तुम्ही जाणार. आणि मला थापाडी म्हणणार."

आबांनी धाकट्याला मांडीवर नीट सरकवलं. मग म्हणाले, "मी म्हनलं व्हतं खरं. चुकलंच माझं. तू म्हनलीस ते खरंच असंल. पण डोळ्यानं बघितल्याबिगर खरं म्हनायची मला सवय नाही." मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तुझी आई बरी व्हती. तिनं न बघताच खरं धरलं व्हतं."

त्या दिवशी मला त्यांची दया आली आणि रागही तसाच राहिला. दोन्ही एकदम होतं, काय करणार. स्टँडवर पाणी घोट्यापर्यंत चढायला लागलं तसे आम्ही परत फिरलो. गाड्या उशिरा का होईना चालू होत्या. संध्याकाळी नवरा त्यांना कल्याणपर्यंत सोडून आला. निघताना आबांनी पोरीच्या हातात दहाची नोट ठेवली आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी." शहात्तराव्या वर्षी माणूस पुढच्या वर्षी म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याने काय बोलायचं? मी "हो" म्हटलं.

शुक्रवारी सकाळी ऊन पडलं. असं ऊन की रात्रीच्या डबक्यांतून वाफ निघत होती. नवरा रात्री उशिरा आलेला, झोपलेला होता. मी ठरवलं होतं की आज कुठेही जायचं नाही. पण पोरगी गणवेश न घालता दारात उभी.

"आज अमावास्या. पंधरा पाऊण सव्वाअकरा," ती म्हणाली.

"आबा गेले ना आता," मी म्हटलं.

"त्यांच्याकडे फोन आहे ना."

आबांचा फोन बटणांचा. त्यावर चित्र दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "ऐकू तर येईल." मी नवऱ्याला उठवलं. त्याने कुरकुर न करता तोंड धुतलं, एवढं मात्र त्याचं कौतुक.

सातपाटीला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. गल्लीतूनच आवाज येत होता, आणि आज गल्लीच्या तोंडाशी माणसंही उभी होती. म्हातारी तिच्या पडवीत उभी राहून म्हणाली, "भितीला टेकू नका. हितूनच बघा. पोरीचा आजा कुठं हाय?"

"गावी गेले," मी म्हटलं.

"आन् आवसेच्या आदीच गेला?" ती म्हणाली. चिखल कुठेही नव्हता. जिथे गेल्या शुक्रवारी काळा गाळ होता तिथे भिंतीच्या कडेपर्यंत मातकट पाणी हलत होतं. लाट आली की भिंतीवर थाड करून आपटायची, वर उडायची आणि गल्लीत सडा पडायचा. धाकटा बापाच्या खांद्यावर बसून प्रत्येक लाटेला टाळ्या वाजवत होता.

मी आबांना फोन लावला. ते सकाळीच पोचले होते, घरीच होते. उद्याच्या श्रावणासाठी तांब्याची भांडी चिंचेने घासत बसलो होतो म्हणाले. मी म्हटलं, "पोरगी बोलतेय," आणि फोन स्पीकरवर टाकून तिच्या हातात दिला. एका हाताने तिचा फ्रॉक मागून घट्ट धरला. तिने फोन हात लांब करून समुद्राकडे धरला.

एक लाट आली, आपटली, आमच्या पायांवर पाणी आलं. दुसरी आली. तिसरी मोठी होती, तिचं पाणी पोरीच्या तोंडावर उडालं. पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला. पोरीने तो तोंडाजवळ आणून विचारलं, "आबा, ऐकू आलं का? ही भिंतीवर आपटली ती. खरं आहे ना?"

"खरं हाय बाई," आबा म्हणाले. "तू म्हनलीस तसंच हाय." मग भांडी बाजूला सरकवल्याचा आवाज आला, ते उठले असावेत. त्यांच्या चपला ओट्यावर वाजलेल्या मला ऐकू आल्या, मग आतल्या खोलीचं दार. आतल्या खोलीत भिंतीवर आईचा फोटो आहे.

"अजून जरा धर तसाच," ते म्हणाले. "तुझ्या आजीला ऐकू दे."

पोरीने फोन परत समुद्राकडे धरला. जरा वेळाने तिचा हात दुखायला लागला असेल, तिने फोन दुसऱ्या हातात घेतला, पण खाली केला नाही.